चार शेतस

फौजेत होतो असं कळलं की पंगतीत शेजारी बसलेला माणूस वरण वाढायच्या आधीच विचारतो, "मग आबा, कितीक टिपले?" मी खरं ते सांगतो, की मला माहीत नाही. तो बिचारा हिरमुसतो आणि दुसऱ्या बाजूच्या पाहुण्याशी पावसापाण्याचं बोलायला लागतो.

मी तोफखान्यात होतो आणि तोफखान्याचं कामच तसं आहे. तोफ डोंगराच्या अलीकडे, शत्रू पलीकडे. तोफेवरच्या जवानाला शत्रू दिसत नाही आणि शत्रूला तोफ दिसत नाही. म्हणून मधल्या माथ्यावर एक माणूस दगडांत तोंड खुपसून पडलेला असतो. तो दुर्बिणीतून बघतो आणि रेडिओवर सांगतो, "डावीकडे शंभर, पुढे पन्नास." तो माणूस मी. माझ्या हाताने एकही गोळा सुटला नाही, जे काही सुटलं ते जिभेने. बायकोच्या मते ती सवय अजून गेलेली नाही.

आमच्या या कामात दोनच गोष्टी पोरवयात डोक्यात ठोकून बसवतात. पहिली, दिसलं ते सांगायचं, वाटलं ते सांगायचं नाही. दुसरी, समोर आपला माणूस आला असं वाटलं तर रेडिओवर 'स्टॉप' म्हणायचं. हा शब्द कोणीही म्हणू शकतो. साहेब म्हणू शकतो, स्वयंपाकीही म्हणू शकतो. तो कानावर पडला की तोफ गप्प बसते आणि "कोण रे तू म्हणणारा?" असं नंतर, चहा पिताना विचारतात.

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलो तो सोनगीरजवळच्या आमच्या गावी थोरल्या भावाबरोबर शेती करायच्या इराद्याने. नाना माझ्यापेक्षा मोठे, स्वभावाने गरीब, पण वर्षभरात तेही वैतागले. त्यांचं म्हणणं, मी बांधावर उभा राहून "डावीकडे घ्या, पुढे घ्या" एवढंच करतो. त्यामुळे नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतून मला नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद नानांना झाला.

पूर्वी जिथे ठिबकच्या नळ्या तयार व्हायच्या त्या शेडमध्ये ही कंपनी होती. मालक समीर, जळगावचा, पुण्यात शिकून परत आलेला, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आबा, लढाईत सगळ्यात हळू काय चालतं, सांगा."

"रेशनचा ट्रक," मी म्हणालो.

"माणूस," तो म्हणाला. "माणूस बघतो, मग विचार करतो, मग वर विचारतो, मग खाली सांगतो. आता ड्रोन बघतो, मशीन ओळखतं आणि मशीनच सुचवतं की कुठे काय टाकायचं. तुम्ही फक्त त्याला बघायला शिकवायचं."

थोडक्यात, मी जे काम डोंगरावर पालथं पडून केलं तेच एका पेटीला शिकवायचं होतं. पेटीचं शिक्षण असं असतं: तिला हजारो चित्रं दाखवायची आणि प्रत्येक चित्रातल्या वस्तूभोवती चौकट काढून नाव लिहायचं. हा रणगाडा. हा ट्रक. हा माणूस. हा हत्यारवाला माणूस. पहिलीच्या वर्गासारखंच, फक्त हा विद्यार्थी लघवीची सुटी मागत नाही. माझ्या शेजारी प्रज्ञा बसायची, धुळ्याची, कंपनीतली खरी इंजिनिअर. मी चौकट चुकवली की ती "आबा, ही बैलगाडी आहे" असं इतक्या आदराने सांगायची की रणगाड्याचीच चूक वाटावी.

विद्यार्थी हुशार होता, पण त्याला जगाचा अनुभव नव्हता. संक्रांतीच्या दिवशी जळगावला मेहरूण तलावाकाठी आम्ही त्याला शत्रूचे ड्रोन ओळखायला नेलं. समीरला वाटलं, सुटीचा दिवस, आकाश मोकळं असेल. जळगावात जन्मलेल्या माणसाने असं समजावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पेटी उघडली आणि तिची पाचावर धारण बसली. चारही दिशांनी हल्ला, शेकडो लहान विमानं, काही आपसात लढून खाली पडतायत! भोंगा जो सुरू झाला तो बंद होईना. गच्चीवरच्या पोरांना वाटलं की कोणीतरी त्यांच्या पतंगांच्या काटाकाटीला दाद देतंय, त्यांनी आणखी जोरात आरोळ्या ठोकल्या. शेवटी प्रज्ञाने वायर उपटली.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एका उमेदवाराचा माणूस आला. त्याला वरून माणसं मोजणारं यंत्र हवं होतं, सभेच्या गर्दीसाठी. आम्ही प्रात्यक्षिक दाखवलं. मशीनने इमानेइतबारे माणसं वेगळी आणि रिकाम्या खुर्च्या वेगळ्या मोजल्या. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे मशीन विरोधी पार्टीचं दिसतंय."

पण कंपनीचं खरं लक्ष होतं ते मोठ्या गिऱ्हाइकावर. दिल्लीकडचे एक साहेब होते, नाव आणि खातं मी सांगत नाही. त्यांना नुसती बघणारी पेटी नको होती, ऐकणारीही हवी होती. आणि ही कल्पना त्यांच्या कानावर घालणारा मीच. मी बोलता बोलता म्हणालो होतो, "साहेब, कवायतीत जवान हिंदीत बोलतो. पण गोळी कानाजवळून गेली की तो आईच्या भाषेत बोलतो." साहेब खूश झाले. समीर त्याहून खूश. महिनाभरात पेटीला मराठी शिकवली गेली. पुण्याकडून आणलेल्या आवाजांवर शिकली, त्यामुळे ती फार शुद्ध बोलायची. मला तिच्यासमोर उगीच शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटायचं.

व्यवस्था अशी होती. पुढे एक निरीक्षक जवान. वर ड्रोन. जवान बोलेल ते पेटी ऐकेल, ड्रोनला दिसेल ते बघेल, दोन्ही जुळवून नकाशावर खूण करेल. झाडाखाली कॅमेऱ्याला दिसत नाही, तिथे जवानाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मग पेटी ठरवेल किती ड्रोन पाठवायचे. आणि सर्वांत शेवटी टेबलावर एक लाल बटण, त्यावर माझ्या आग्रहाखातर मराठीत लिहिलेलं: 'थांब'. त्या बटणामागे मी बसायचो. खरं सांगतो, त्या खुर्चीवर बसताना मला फार बरं वाटायचं. एवढ्या सगळ्या हुशारीच्या शेवटी एक म्हातारा बसवायला हवा, हे कंपनीला पटलं होतं.

पाहणीसाठी आमच्याच गावाचं गायरान ठरलं. परवानग्या वगैरे रीतसर काढल्या. बॉम्बच्या जागी गुलालाच्या पुड्या, म्हणजे कुठे पडलं ते सगळ्यांना दिसेल. शत्रू म्हणून गोणपाटाची बुजगावणी उभी केली. निरीक्षक म्हणून आमच्याच गावचा भिकन, पायदळातून निवृत्त झालेला, डोळा अजून घारीचा. त्याला मी एवढंच बजावलं होतं: दिसेल ते सांग.

साहेब तंबूत येऊन बसले, चहा झाला, आणि त्यांनी लाल बटणाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशासाठी?"

"मानवी नियंत्रण, सर," समीर म्हणाला.

"शत्रूच्या मशीनला बटण असेल का? आपला सुभेदार चष्मा पुसेपर्यंत तो दोनदा मारून जाईल. मला हे विनाबटण बघायचंय."

समीरने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो, हे दुर्दैव. तो वाकून माझ्या कानात म्हणाला, "आबा, आजच्यापुरतं आतून बंद करतो. तुम्ही बसून राहा. फोटोत चांगलं दिसतं." प्रज्ञाने मान खाली घालून संगणकावर काहीतरी दाबलं. मी बसून राहिलो. तिथून उठून जायला हवं होतं की नाही यावर घरी अजून चर्चा चालते.

इकडे गावात नानांना कळलं होतं की दिल्लीचे पाहुणे आलेत. आता धुळे-जळगावकडचा कुठलाही शहाणा माणूस थंडीच्या दिवसांत पाहुण्यांना काय देईल? नाना आपल्या तीन सोबत्यांना घेऊन गायरानाच्या कडेला, आमच्या निंबाखाली, भरताचा बेत मांडून बसले. आम्हाला न सांगता, कारण पाहुण्यांना अचंबित करायचं होतं. तुरीच्या काड्यांचा जाळ, त्यात ही एवढाली हिरवी वांगी, धुराचा लोट. चौघं भोवती उकिडवे बसून वांगी उलटवतायत.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की भरीत हे घरात बसून करायचं काम नव्हे. ते शेतात, मंडळी जमवून, डोळ्यांत धूर घेऊन करायचं. वरून उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्यातून बघितलं तर आमच्याकडे हिवाळाभर शेताशेतांत छावण्याच छावण्या दिसतील.

पाहणी सुरू झाली. भिकनने बुजगावण्यांचं वर्णन सुरू केलं आणि मध्येच त्याचा आवाज बदलला. त्याला नाना दिसले होते. भिकन घाबरला, आणि मी साहेबांना सांगितलं होतं अगदी तसंच झालं. तो अहिराणीत बोलायला लागला.

"थांबा, थांबा! निंबना झाडखाले मानसं चार शेतस! धूर निंघी ऱ्हायना! आपलाच गावना शेतस!"

अहिराणीत 'शे' म्हणजे आहे आणि 'शेतस' म्हणजे आहेत. चार माणसं आहेत, धूर निघतोय, आपल्याच गावची आहेत. माणसं वाचवायला यापेक्षा सरळ वाक्य कोणी बोलू शकत नाही.

पडद्यावर शुद्ध मराठीत अक्षरं उमटली: "निंबाचं झाड. चारशे माणसं. धूर. गावाचं शेत."

मी ते दोनदा वाचलं. चारशे कशाने झाले ते मला त्या क्षणी कळलं नाही. मला वाटलं कॅमेरा बिघडला. पण निंब माझा होता, तो मी आभाळातून बघितला तरी ओळखला असता, आणि त्याखाली धूर म्हणजे कोण हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पेटीला मात्र काहीच शंका उरली नव्हती. चारशे माणसं आहेत असं जवान सांगतोय, झाडाखाली आग आहे असं कॅमेरा सांगतोय. सगळं जुळत होतं. तिने सगळेच्या सगळे ड्रोन पाठवले. भिकनचं 'थांबा' तिने ऐकलं होतं की नाही कोण जाणे, तिच्या शिक्षणात तो हुकूम बटणाकडे होता.

मी बटण दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. मग लिफ्ट येत नसली की माणूस जसं दाबतो तसं दाबत सुटलो. "स्टॉप! स्टॉप!" मी ओरडलो. तो शब्द बोललो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच थांबलं नाही.

मी तंबूतून बाहेर पळालो आणि हात हलवत ओरडलो, "नाना, पळा! पळा!" नानांनी मला बघितलं, तोंडभर हसले आणि एक वांगं उंच धरून हात हलवला. "ये, ये! भाकरी शे, कांदा शे, बठ्ठं शे! साहेबले बी आन!"

मग गुलाल पडला. माझ्या नोकरीच्या काळात एवढा अचूक मारा मी बघितला नव्हता. एक पुडी नानांच्या खांद्यावर, एक जाळात, एक थेट भरताच्या भांड्यात, बाकीच्या इकडेतिकडे न जाता तिथेच. लाल ढग उठला. निंब, धूर, माणसं, काहीच दिसेना. गुलाल आहे हे मला ठाऊक होतं. मीच पुड्या बांधल्या होत्या. तरी मी नानांना हाका मारत राहिलो, कारण त्या ढगातून कोणीच बोलत नव्हतं.

मग आतून नानांचा खोकला आला आणि आवाज आला, "कोन निवडी उनं रे?"

गावाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या दोघातिघांनाही तेच वाटलं, की कोणीतरी निवडून आलं. नखशिखांत गुलालात न्हालेले नाना बघून त्यांनी हात जोडले, एकाने तर पाया पडून ग्रामपंचायतीतलं काम सांगून ठेवलं.

तंबूत साहेब टाळ्या वाजवत होते. "एक्सलंट! एक पुडी वाया नाही गेली."

"साहेब, तिथे माझा भाऊ होता," मी म्हणालो.

त्यांच्या टाळ्या थांबल्या. माणूस वाईट नव्हता. "अरेरे. लागलं तर नाही ना?" असं त्यांनी मनापासून विचारलं. मग समीरकडे वळून म्हणाले, "निशाणा परफेक्ट आहे. भाषेचं तेवढं बघून घ्या." आणि गाडीत बसून गेले. भरीत खायला कोणीच थांबलं नाही, म्हणजे लाल भरीत खाण्याचा प्रसंग तरी टळला.

घोटाळा उलगडला तो प्रज्ञाने. तिने भिकनचा आवाज पुन्हापुन्हा लावला आणि एकदम टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. "आबा, चार शेतस! हिने चारशे ऐकलं, 'तस' खोकला समजून टाकून दिलं. आणि 'गावना शेतस'चं केलं गावाचं शेत! माझी आजी असंच बोलते हो." मग म्हणाली, "हेच मशीन त्या उमेदवाराला द्या, आबा. चार माणसं आली की चारशे. खूश होईल." मीही हसलो, समीरही हसला. हसता हसता प्रज्ञा थांबली आणि तिने डोळे पुसले. "तो त्यांना वाचवायला बोलत होता," ती म्हणाली.

घरी आलो तेव्हा वहिनी नानांच्या कानातला गुलाल खोबरेल तेलाने काढत होत्या. नाना रागावलेले नव्हते, भरीत गेल्याचं दुःख तेवढं होतं. मी सगळं समजावून सांगितलं. पेटी, ड्रोन, शेतस, चारशे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तू तठेच व्हता ना?" त्यांनी विचारलं.

"होतो."

"तुले समजनं व्हतं का, आम्ही शेतस म्हनीसन?"

"समजलं होतं. बटण दाबलं, नाना. ते आतून बंद होतं."

नानांनी मान वर केली. त्यांच्या पांढऱ्या भुवया अजून गुलाबी होत्या. "मंग तुले तठे बसाडं कसाले?" ते म्हणाले.

अख्ख्या नोकरीत मोठमोठ्या साहेबांनी मला झाडलं, पण इतकं झोंबलं कोणाचंच नव्हतं. मला लाज वाटली आणि रागही आला, आणि राग नानांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी समीरला तोच प्रश्न मराठी करून विचारला: मग मला तिथे बसवलं कशाला? तो म्हणाला, "आबा, तुम्ही मशीनला अहिराणी शिकवा, मग ही चूक पुन्हा होणारच नाही."

"अहिराणी शिकवतो," मी म्हणालो. "भिल्लांची कोण शिकवणार? पावरा बोली? यावल-रावेरकडची बोली कोण शिकवणार? आणि डोंगरापलीकडच्या लोकांची? ते तर जीव वाचवायला त्यांच्याच भाषेत ओरडतील ना? तू जगातल्या सगळ्या आज्या गोळा करणार आहेस का? त्यापेक्षा बटणाची वायर जोड."

समीरच्या डोक्यावर कर्जही होतं आणि शेडमधली तीस-चाळीस पोरंही. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी आवाज चढवला नाही. दोन दिवस तो कर्जाचे हिशेब मांडत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने प्रज्ञाला वायर जोडायला सांगितलं, आणि साहेबांना कळवलं की आमचं मशीन बटणासहच मिळेल. मला तो पोरगा त्या दिवशी फार आवडला. नानांनी त्याला भरताचं आमंत्रण दिलं आणि या वेळी आम्ही आभाळाकडे बघत बघत का होईना, पोटभर जेवलो.

साहेबांचं काम अर्थातच दुसऱ्या एका कंपनीला गेलं. तिचं मशीन म्हणे कोणालाच काही विचारत नाही, फार वेगवान आहे. आता आमची पेटी जंगलखात्यासाठी वणवे शोधते आणि मी तिला हिवाळ्यात दररोज समजावतो की हा वणवा नाही, भरीत आहे.

मध्यंतरी मला राहवलं नाही. त्या दुसऱ्या कंपनीचा नंबर मिळवून मी फोन केला. पलीकडे एक मुलगी होती, अतिशय गोड बोलणारी. मी विचारलं, "बाई, तुमच्या मशीनला अहिराणी समजते का?"

तिने मला थांबायला सांगितलं, कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, "सर, काळजी नसावी. त्या भाषेतून आमच्याकडे आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही."